सात नंबरचं जेवण

सकाळी काय खाल्लं, हा प्रश्न माझ्या आईने जेवढ्या वेळा विचारला नसेल तेवढ्या वेळा मला मॅडमनी विचारला. त्यात माया वगैरे काही नव्हती. कल्चर रूमच्या, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या खोलीच्या, दारात त्या उभ्या असत, उजवा हात चौकटीवर आडवा, आणि येणाऱ्या प्रत्येकाची उलटतपासणी घेत. इडली, डोसा, ढोकळा, जिलेबी खाऊन आलेल्याला दुपारपर्यंत प्रवेश नाही. बासी खाऊन आलेल्याला तर त्या दिवशी प्रवेशच नाही. बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी कांदा-मिरचीबरोबर खायचा. उन्हाळ्यात रायपुरातलं निम्मं गाव तेच खाऊन कामाला निघतं. आंबलेल्या पदार्थाबरोबर माणसाच्या श्वासातून, बोटांतून, ओढणीच्या टोकातून यीस्ट आत येतं, आणि एकदा ते पेशींच्या फ्लास्कमध्ये पडलं की महिन्यांची मेहनत दोन दिवसांत गढूळ होते, असं त्यांचं म्हणणं. आमचा शिपाई उन्हाळाभर त्यांच्याशी खोटं बोलायचा. "हव मॅडम, रोटी खाए हंव," म्हणायचा. मॅडम त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन कांदा हुंगायच्या आणि त्याला परत पाठवायच्या.

त्या स्वतः बासीवरच वाढलेल्या होत्या. वडील रेल्वेत फिटर, मूळ गाव भंडाऱ्याकडचं, जन्म रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमधला. "माह्या बापाची हाडं बासीवरच बनली," त्या म्हणायच्या. "मले तिचा राग नाही. पण आत नाही."

आमच्या संस्थेत त्यांचा हुद्दा फारसा मोठा नव्हता. शोधनिबंधांवर नावं मोठ्या लोकांची असत, मॅडमचं नाव असलंच तर मधे कुठेतरी. पण कल्चर रूम त्यांची होती, हे संचालकांपासून झाडूवाल्या दीदीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्वचेच्या पेशी आणि मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग, यांवर आमचं काम चाले. मी तिथे पीएचडीसाठी गेले. आमचं घर समता कॉलोनीत, बाबांच्या नोकरीमुळे नाशिक सोडून आलेलं, आणि मी इथल्या माझ्या वयाच्या सगळ्या मराठी मुलामुलींसारखी मराठी ऐकून हिंदीत उत्तर देणारी. मॅडमना ते चालत नसे. मी "जी मॅडम" म्हटलं की त्या ऐकूच न आल्यासारख्या उभ्या राहायच्या. मग मी मराठीत बोलले की हसायच्या, पुस्तकातलं बोलते म्हणायच्या. थोडक्यात, कसंही बोललं तरी माझी सुटका नव्हती.

कल्चर रूममध्ये मात्र त्या एक शब्द बोलत नसत आणि दुसऱ्यालाही बोलू देत नसत. बोललं की थुंकी उडते, मास्क असला तरी. मग सूचना द्यायच्या कशा? तर डाव्या हाताच्या ग्लव्हजवर. त्यांच्याजवळ काळा मार्कर असे. माझी चूक दिसली की त्या स्वतःच्या हाताच्या पाठीवर लिहायच्या आणि तो हात माझ्या डोळ्यांपुढे धरायच्या. "झाकण." "हळू." "कोपर." एकदा नुसतंच "काहून?" संध्याकाळी लाल पिशवीत टाकलेल्या ग्लव्हजवर माझ्या दिवसभराच्या चुका वाचता येत. दोन वर्षांनी एके दिवशी त्यांनी "बरं" असं लिहिलं. तो ग्लव्ह उचलून घरी न्यावा असं मला फार वाटलं होतं, पण त्यांनी पाहिलं असतं तर संसर्गाच्या नियमांवर तासभर ऐकावं लागलं असतं.

पेशींना दर दोन दिवसांनी नवं मीडियम लागतं. मीडियम म्हणजे गुलाबी पाणी, त्यात साखर, क्षार, जीवनसत्त्वं आणि अमिनो आम्लं. आम्ही "मीडियम बदललं" म्हणायचो, मॅडम "जेवण झालं" म्हणायच्या. पेशींचं जेवण झाल्याशिवाय त्या स्वतःचा डबा उघडत नसत. मग दोन वाजोत की चार. दिवाळी, होळी, जयंतीची मिरवणूक, कशालाही त्यांना सुट्टी नव्हती. भाचीच्या लग्नात फोटोसाठी सगळे मॅडमना शोधत होते तेव्हा त्या दुर्गहून निघून लॅबमध्ये पोचलेल्या होत्या. नवरी उद्याही दिसेल, असं त्यांनी बहिणीला फोनवर सांगितलं. बहीण वर्षभर बोलली नाही.

लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसणं हा वेगळाच अनुभव होता. नऊ अमिनो आम्लं माणसाला स्वतःच्या शरीरात करता येत नाहीत, ती ताटातूनच आली पाहिजेत, आणि भातात जे कमी असतं ते डाळीत असतं, डाळीत जे कमी ते भातात. हे त्या वाढप्याला समजावून सांगायच्या आणि वरण कमी वाढलं म्हणून त्याला पुन्हा बोलवायच्या. पनीरवाल्या लग्नांवर त्यांचा विशेष राग होता.

नव्या विद्यार्थ्यांना आमचा विषयही त्या अशाच शिकवायच्या, जेवणावरून. ट्रिप्टोफॅन हे त्या नऊ आम्लांपैकी एक. लढणाऱ्या पेशींना ते मिळालं नाही की त्या हत्यार खाली ठेवून बसतात. ट्यूमरवर चालून आल्यावर त्या इंटरफेरॉन सोडतात, म्हणजे आपल्या माणसांना हाक मारतात. ती हाक ट्यूमरलाही ऐकू जाते. तो घाबरत नाही. उलट आसपासचं ट्रिप्टोफॅन भराभरा संपवायला लागतो, आणि वर त्याचं उष्टं बाहेर टाकतो. त्या उष्ट्याला कायन्युरेनिन म्हणतात, आणि त्याने आलेल्या लढवय्यांना गुंगी येते. "मदतीची हाक मारली, तेच त्याच्या कामी पडलं," मॅडम म्हणायच्या, दर वेळी अशा की जणू हे त्यांना आजच कळलं होतं. हे उष्टं आम्हाला डोळ्यांनी दिसत असे. एक रसायन घातलं की नळीतलं पाणी फिकं पिवळं होतं. जितकं पिवळं तितकं ट्रिप्टोफॅन खाल्लेलं. माझी अख्खी पीएचडी त्या पिवळ्या रंगावर उभी होती.

आणि तो पिवळा रंग सगळ्यात गडद यायचा सात नंबरमध्ये.

सात नंबर ही मॅडमनी स्वतः वाढवलेली पेशी; एका माणसापासून वाढत गेलेल्या सगळ्या पेशींना मिळून आम्ही एक पेशी म्हणायचो. बाकीच्या बाहेरून विकत आणलेल्या, जगातल्या शंभर प्रयोगशाळांत असतात तशा. सात नंबर रायपूरच्या दवाखान्यातून, बर्फाच्या डब्यात, मॅडमच्या मांडीवर बसून आली होती. तिल्द्याजवळ राहणाऱ्या एका बाईच्या टाचेवर काळा डाग आला होता. आपल्याकडे हा रोग पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली येतो, जिथे कुणी बघत नाही. त्यांना वाटलं बाभळीचा काटा आत राहिला. सुईने कोरून झालं, बिब्बा लावून झाला, वर्ष गेलं. शस्त्रक्रिया झाली तेव्हा रोग जांघेपर्यंत पोचला होता. काढलेल्या गाठीचा तुकडा मॅडमनी परवानगी घेऊन आणला आणि तो फ्लास्कच्या तळाला चिकटला. जगला, वाढला. या आजाराच्या इथल्या माणसाच्या पेशी जगात फारच थोड्या ठिकाणी होत्या, आणि त्यातली एक आमच्या इनक्युबेटरमध्ये. ती यंत्रात फिरवून नळीच्या तळाशी गोळा केली की मिरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका दिसायचा. टायरोसिन या अमिनो आम्लापासून त्या पेशी अजून रंग बनवत होत्या, बाईच्या टाचेवर बनवत होत्या तसाच.

पेशी ज्या माणसाच्या असतात त्याचं नाव कुणाला कळू नये असा नियम आहे. मॅडमनी तो कागदावर पाळला. प्रत्यक्षात त्या आठवड्यातून दोनदा त्या बाईंना भेटायला वॉर्डात जायच्या आणि तुमच्या पेशी छान वाढतायत असं सांगायच्या. आजारी माणसाला हे काय सांगायचं, पण त्या बाईंना त्याचं बरं वाटायचं म्हणे. चार महिन्यांनी त्या गेल्या.

त्यानंतर दरवर्षी होळीच्या आसपास, त्या गेल्या त्याच दिवशी, त्यांचे यजमान आमच्याकडे येत. रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले, उंच, वाळके, पांढरा सदरा. सकाळच्या पॅसेंजरने यायचे, चपला बाहेर काढायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे. काय खाल्लं हा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हता, म्हणून ते काही न खाताच येत. मॅडम त्यांना भाऊ म्हणायच्या, मी काका. मॅडम सात नंबरचा फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या, ते एक डोळा मिटून बघायचे. दोन्ही डोळ्यांनी बघा म्हटलं तरी एकच लावायचे. मग विचारायचे, जेवली का. मॅडम सांगायच्या, हो, सकाळीच जेवली. काय काय दिलं ते पण सांगायच्या, टायरोसिन, ल्युसिन, ट्रिप्टोफॅन, आणि ते मान हलवत ऐकायचे. दहा मिनिटं. मग परतीची गाडी.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला शहारा आला होता. ज्या पेशींनी बायको नेली त्याच बघायला हा माणूस येतो, आणि त्या जेवल्या का विचारतो. मी तसं मॅडमना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्या बी तिच्याच ना." मला ते तेव्हा पटलं नाही. भोळेपणा वाटला, दोघांचाही.

मग लॉकडाऊन आलं.

इथे मला माझ्याबद्दल सांगायला हवं, आणि ते मी लवकर सांगून टाकते. कल्चर रूम चालू ठेवायला संस्थेने दोन पास मागितले, एक मॅडमचा, एक माझा. दोघींना रोज दोन तासांची परवानगी. माझा पास आला. फोनवर आला, मी तो उघडून पाहिला, त्यावर माझा फोटोही होता. आईला दम्याचा त्रास होता हे खरं आहे. पण त्यासाठी मी थांबले असं म्हटलं तर ते निम्मंच खरं होईल. मी घाबरले होते. समता कॉलोनीच्या त्या रिकाम्या रस्त्यावर रुग्णवाहिका ऐकू आली की मी खिडकी लावून घ्यायचे. मी मॅडमना फोन करून सांगितलं की पास नामंजूर झाला, पुन्हा अर्ज केलाय, बघू. त्या म्हणाल्या, "बरं. घरातच राह. हात धूत जा." दोन महिने त्या एकट्या बूढ़ापाऱ्यातल्या आपल्या घरून स्कूटीवर लॅबला जात राहिल्या. चौकाचौकात पोलीस अडवायचे. कुठे चालल्या विचारलं की त्या सांगायच्या, जेवण द्यायला. पोलिसांना वाटायचं सासूसासऱ्यांना वगैरे, ते सोडून द्यायचे.

मी घरी बसून प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहीत होते.

लॉकडाऊन उठल्यावर परत गेले तर मॅडम निम्म्या झाल्या होत्या. द्रव नायट्रोजनची गाडी कित्येक आठवडे आली नव्हती, गोठवून ठेवलेल्या सगळ्या नळ्या टाकीत मेल्या होत्या. त्यांत सात नंबरच्या सुरुवातीच्या नळ्याही गेल्या. पण इनक्युबेटरमधला सात नंबरचा फ्लास्क जिवंत होता, आणि तीन नंबरचा. तीन नंबर ही विकतची पेशी, भराभर वाढणारी. मॅडमनी ते दोन फ्लास्क मला असे दाखवले की जणू दोन पोरं तापातून उठली होती. मी त्यांचं कौतुक केलं. खरंच केलं.

त्यानंतर सात नंबर बदलली. आधी काळा ठिपका तपकिरी झाला, मग राखाडी, मग पांढरा. मॅडम म्हणाल्या, हाल झाले बिचारीचे, दोन महिने पातळ जेवणावर काढले, रंग कुठून येईल. त्यांनी टायरोसिन वाढवलं. एरवी दुसऱ्या कुणाची पेशी अशी फिकी पडली असती तर त्यांनी एका दिवसात त्याला उभं-आडवं विचारलं असतं. इथे मात्र त्या रोज फ्लास्क उजेडाकडे धरायच्या आणि आज जरा रंग आल्यासारखा वाटतो ना, असं मला विचारायच्या. मी हो म्हणायचे. एक वर्ष गेलं. त्या वर्षी काका आले, एक डोळा लावून बघून गेले. दुसऱ्याही वर्षी आले.

पिवळा रंग येणं थांबलं तेव्हा मात्र मला गप्प बसता येईना, कारण आता माझा प्रबंध अडला होता. इंटरफेरॉन दिलं तरी सात नंबर ट्रिप्टोफॅन खात नव्हती. नळीतलं पाणी स्वच्छच. मॅडमनी आधी माझं रसायन जुनं ठरवलं, मग माझे हात. तीन महिने मी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. शेवटी मी हळूच म्हटलं की ओळख तपासायला पाठवू या, बाईंच्या रक्तातला डीएनए अजून फ्रीजमध्ये आहे, त्याच्याशी जुळवून बघता येईल. मॅडमनी हातातला फ्लास्क आत ठेवला. मग अर्जावर सही केली.

अहवाल सकाळी अकराला आला. सात नंबरच्या फ्लास्कमध्ये सात नंबर नव्हतीच. सगळ्या पेशी तीन नंबरच्या होत्या.

हे कसं होतं ते आमच्या क्षेत्रातल्या माणसाला लगेच कळतं. एका फ्लास्कमधली एखादी पेशी चुकून मीडियमच्या बाटलीत जाते आणि तिथून दुसऱ्या फ्लास्कमध्ये पडते. ती भराभर वाढणारी असली तर काही महिन्यांत मूळ पेशींचं सगळं जेवण तीच खाते, आणि मूळच्या संपून जातात. बाहेरून फ्लास्क तसाच दिसतो, वरची चिठ्ठीही तीच असते. म्हणून मॅडमचा कडक नियम होता की प्रत्येक पेशीची मीडियमची बाटली वेगळी. त्या बाटल्या तयार करणं हे माझं काम होतं. पावडर मोजायची, विरघळवायची, गाळायची, चिठ्ठ्या लावायच्या. अर्धा दिवस जातो त्यात.

मॅडमनी लॉकडाऊनमधली वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही, म्हणजे त्यांना ते आठवतच असणार. त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: एकच बाटली उरली. दोघींना तीच. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे पाहा. इथं."

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. बाटली एकच होती कारण बाटल्या भरणारी घरी बसली होती. मी ओठ उघडलेही असतील. पण त्या उठून संचालकांकडे गेल्या, आणि परत आल्यावर मला म्हणाल्या की पत्र लिहायचं आहे, टाइप कर. ज्या तीन प्रयोगशाळांना त्यांनी लॉकडाऊननंतर सात नंबर पाठवली होती त्यांना, आणि ज्या मासिकात आमचा निबंध आला होता त्याला. त्या बोलत गेल्या, मी टाइप करत गेले. लॉकडाऊनच्या काळात दोन्ही पेशींसाठी मी एकच बाटली वापरली. ही चूक पूर्णपणे माझ्या हातून झाली. तोपर्यंतचे निष्कर्ष खरे आहेत, त्यानंतरचे रद्द समजावेत. मी शुद्धलेखन तपासलं आणि पाठवलं.

संचालकांनी लेखी आदेश दिला की सगळा साठा नष्ट करावा. रुग्णाच्या घरी काही कळवण्याची गरज नाही, मुळात त्यांना इथे येऊ देणंच नियमाबाहेर होतं, असंही सुनावलं. आणि काकांच्या येण्याला चारच दिवस उरले होते. मी मॅडमना म्हटलं, नका सांगू. त्यांना काय फरक पडतो? त्यांना काचेखाली ठिपके दिसतात, ते ठिपके कुणाचे हे त्यांना कुठे कळणार आहे? दोन वर्षं नाहीच कळलं.

"त्यायले फरक पडते," मॅडम म्हणाल्या.

काका आले. चपला काढल्या, हात धुतले. मॅडमनी फ्लास्क ठेवला नाही. स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि मास्क खाली केला. कल्चर रूममध्ये त्यांना मास्क काढून बोलताना मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

"भाऊ, तुमची बाई आता नाही राहिली इथं. मागचे दोन वर्ष तुम्ही पाहून राहिले ते तिचं नव्हतं. मलेही ठाऊक नव्हतं. माह्या हातानं मिसळलं."

काकांनी इनक्युबेटरकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, म्हणजे ती कधी गेली? मॅडमनी नेमकं सांगितलं, लॉकडाऊनच्या दुसऱ्या महिन्यात दुसरी पेशी शिरली आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत ती पूर्ण संपली असावी. काका म्हणाले, एकाएकी? मॅडम म्हणाल्या, नाही, हळूहळू. उपाशी राहून. हेही त्यांनी लपवलं नाही. मी दाराजवळ उभी होते, ग्लव्हज घातलेले हात एकमेकांत धरून.

"मग आता हाय ते कोण हाय?"

"दुसरी कोणी. लय वर्षांपूर्वीची. तिचं नाव आपल्याले ठाऊक नाही."

काकांनी मान हलवली. उठले. दारात थांबून म्हणाले, "तिले तरी उपाशी नका ठेवू."

मॅडम हो म्हणाल्या. नष्ट करण्याचा आदेश त्यांच्या टेबलावर होता. त्या दिवशी त्यांनी फ्लास्कमध्ये नवं मीडियम घातलं, नेहमीसारखं, थेंबही न सांडता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यात ब्लीच ओतलं. डबा त्यांनी दोन्ही दिवस उघडला नाही.

वर्षाच्या आत त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला आल्या नाहीत. कल्चर रूमच्या दारात आता कुणी उभं राहत नाही, शिपाई बासी खाऊन खुशाल आत जातो, आणि खरं सांगायचं तर अजून काही बिघडलेलं नाही. माझी पीएचडी झाली, जुन्या निष्कर्षांवर झाली, म्हणजे सात नंबर खरी होती तेव्हाच्या. मी मॅडमना भेटायला बूढ़ापाऱ्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत तीनदा गेले. तिन्ही वेळा ठरवून गेले की आज सांगायचंच. त्या मला पोहे करून घालायच्या, खाल्लं का पुरेसं म्हणायच्या, आणि मी येऊन-जाऊन इनक्युबेटरच्या तापमानाबद्दल बोलून परत यायचे. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयाने दगा दिला. चहा ठेवायला उठल्या आणि ओट्यापाशीच गेल्या, असं बहीण म्हणाली.

पुण्यानुमोदनाला गल्ली भरली होती. भंतेजींची वंदना झाली, बहीण चार शब्द बोलली, लग्नाच्या फोटोचं सांगून रडली. मागच्या सतरंजीवर काका बसलेले मला दिसले. ते आणखी वाळले होते. जेवणं सुरू झाली तसे ते उठून बाहेर पडले, मी मागे गेले. बूढ़ा तालाबाच्या काठावर एका बाकावर आम्ही बसलो. ऊन होतं. काका मॅडमना बाई म्हणायचे. म्हणाले, बाईने मला खरं सांगितलं, एवढ्या शिकलेल्या बाईने माझ्यासारख्यासमोर बसून सांगितलं. असं कोण सांगतं.

मग मात्र मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. पास आला होता. फोटोसकट आला होता. मी खोटं बोलले. मी गेले असते तर बाटल्या दोन असत्या. ते ऐकत होते, पाण्याकडे बघत. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की बाईंना हे माहीत होतं का. मी म्हटलं, नाही, मी सांगितलंच नाही.

मला वाटलं आता उठून जातील, आणि गेले असते तर बरंच झालं असतं.

"ती गेली ना, तवा मी घरी होतो तिल्द्याले," ते म्हणाले. "दवाखान्यात पोरगी होती, तिले म्हटलं ड्युटी हाय. ड्युटी नव्हती. मले पाहवत नव्हतं. दोन दिवस घरात पडून राहिलो. आलो तं सगळं झालं होतं. दवाखान्याच्या जिन्यात बाई भेटल्या. त्यायले मी सांगतलं, कोणालेच नाही सांगतलं ते. तं त्या म्हणे, भाऊ, तिचं थोडंसं माह्यापाशी जित्तं हाय. तुम्ही तवा नव्हते तं नव्हते. दरसाल या, तिच्यापाशी बसून जा."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. त्यांच्या गाडीची वेळ झाली होती, मी त्यांना रिक्षापर्यंत पोचवलं. त्यांनी मला माफ केलं की नाही हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

घरी येताना मला त्या दिवसाची कल्चर रूम आठवत राहिली. काकांपुढे मास्क उतरवून बसलेल्या मॅडमना नीट माहीत होतं की या माणसाकडून त्या काय काढून घेत आहेत. त्यांनीच ते त्याला दिलं होतं, ते जिवंत ठेवायला त्या दोन महिने पोलिसांच्या नाक्यांवरून गेल्या होत्या, आणि आता स्वतःच्या तोंडाने त्या ते परत घेत होत्या, सगळा दोष आपल्या हाताला लावून. मी पाच पावलांवर उभी होते. बोलता बोलता त्या माझं नाव तर घेणार नाहीत ना, एवढंच मी त्या वेळी ऐकत होते.